'टायपिस्ट गर्ल' (१९२६): नोकरदार तरुणीवरचा मूकपट, जो आज पाहता येत नाही

'टायपिस्ट गर्ल' हा १९२६ साली मुंबईत तयार झालेला मूकपट. दिग्दर्शक चंदुलाल शहा, तर निर्मिती द्वारकादास संपत यांच्या कोहिनूर फिल्म कंपनीची. सुलोचना आणि गोहर या दोन नामवंत तारका त्यात होत्या. अवघ्या १७ दिवसांत पूर्ण झालेला हा चित्रपट चांगला चालला. आज मात्र त्याची प्रत उपलब्ध नाही.

विषय नवा का होता?

त्या काळी पडद्यावर देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या गोष्टींचा भर होता. प्रत्यक्षात कचेरी म्हणजे पुरुषांचं राज्य. टायपिंग आणि टेलिफोन एक्स्चेंज अशा मोजक्या कामांतच मुली दिसत, त्याही बहुतेक अँग्लो-इंडियन. अशा वेळी पगार कमावणारी मुलगी थेट चित्रपटाच्या नावात आली. त्याच वर्षी कोहिनूरने होमी मास्टर दिग्दर्शित 'टेलिफोन गर्ल'ही आणला. त्याचीही नायिका सुलोचनाच!

सुलोचना कोण होत्या?

खरं नाव रूबी मायर्स. जन्म १९०७, पुणे. बगदादी ज्यू कुटुंब. चित्रपटात येण्यापूर्वी त्या खरोखरच टेलिफोन ऑपरेटर होत्या. मोहन भवनानी यांनी विचारलं तेव्हा त्यांनी आधी नकार दिला, कारण चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमात जाणं तेव्हा कमीपणाचं मानलं जाई. पुढे त्या मूकपटांच्या काळातल्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या कलाकारांपैकी एक झाल्या.

मूकपट हरवले कसे?

तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई आणि नीट न जपल्यास आपोआप खराब होई. १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला आणि मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही. अनेक रिळं तर चांदी काढण्यासाठी विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते १९६४ साली, तोवर बराच उशीर झाला होता. भारतात सुमारे १३०० मूकपट बनले; त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले जेमतेम ३० च्या आसपास आहेत.

हे लक्षात ठेवा

१९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळके यांना तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळाली नाही. ती अण्णा साळुंके यांनी केली. सुलोचना यांना १९७३ चा पुरस्कार मिळाला, तो याच फाळक्यांच्या नावाचा. १९८३ मध्ये त्यांचं निधन झालं. पुरस्काराची नोंद आहे, पण ज्या मूकपटांनी त्यांना तारका केलं, त्यांतले बहुतेक आता कुणालाच पाहता येत नाहीत.