क्रिएटिनिन 'नॉर्मल', पण...

ऑफिसच्या वार्षिक चेकअपच्या रिपोर्टात 'क्रिएटिनिन' नावाची एक ओळ असते. 'नॉर्मल' वाचून आपण पुढे जातो. मी डॉक्टर नाही, साधा कोड लिहिणारा माणूस. पण या ओळीचा इतिहास भलताच रंजक निघाला.

१८८६ साली कोनिग्सबर्गच्या माक्स याफेला दिसलं, की अल्कली घातलेल्या पिक्रिक अ‍ॅसिडमध्ये (हो, तेच स्फोटकांतलं) क्रिएटिनिन मिसळलं की नारिंगी-लाल रंग येतो. त्यावरून मोजमापाची पद्धत बसवली ऑटो फोलिनने, १९०४ मध्ये. आजही अनेक लॅब हीच युक्ती वापरतात! आणि मधुमेह फार चढला की वाढणारे कीटोन नेमका हाच रंग बिघडवतात.

खरी अडचण वेगळीच. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. हडकुळ्या माणसाचं मुळातच कमी. त्यात मधुमेहाच्या सुरुवातीला किडनी बऱ्याचदा उलट जास्तच गाळते. आकडा मर्यादा ओलांडेपर्यंत निम्मी क्षमता गेलेली असू शकते.

१९८५ मध्ये स्वीडनच्या आंडर्स ग्रुब आणि सहकाऱ्यांनी सिस्टॅटिन-सी हे प्रोटीन पुढे आणलं. ते जवळजवळ सगळ्याच पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंचा घोळ बराच कमी. २००५ साली अमेरिकेतल्या पिमा लोकांमधल्या टाइप-२ मधुमेहींची चार वर्षांची पाहणी छापून आली. किडनीचं गाळणं मंदावतंय हे सिस्टॅटिनने क्रिएटिनिनपेक्षा चांगलं टिपलं होतं.

अर्थात थायरॉइड, स्टिरॉइड यांनी तोही आकडा हलतो. म्हणून २०१२ मध्ये दोन्ही एकत्र घेणारं सूत्र आलं. लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं लागतं ते वेगळंच.