दत्तक : देणारा आणि घेणारा

मराठी बायबलात ‘दत्तकपण’ असा एक शब्द आढळतो. मनुष्य जन्मतः ईश्वराचा पुत्र नसतो. पुत्रपद स्वभावतः एकट्या ख्रिस्ताचे. इतरांना ते कृपेने, दत्तकविधानाने प्राप्त होते, असा ख्रिस्ती श्रद्धेचा एक प्रमुख सिद्धांत आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पुत्र म्हणून स्थापणे’ असा असून नव्या करारात तो केवळ पाच वेळा आणि तोही पौलाच्या नावावरील पत्रांतच येतो. हा शब्द मराठीत उतरला तेव्हा येथील समाजात दत्तक हा धर्माचा, वतनाचा आणि पिंडदानाचा विषय होता. त्यामुळे रोमी पत्रातील कल्पनेला मराठी मुलखात जे वळण लागले ते मोठे उद्बोधक आहे.

पौलाने हा दृष्टांत घेतला तो रोमन व्यवहारातून. यहुदी शास्त्रात दत्तकाची रूढ संस्था नव्हती. रोममध्ये मात्र तिच्यावर साम्राज्याचा वारसा चालत असे. ज्यूलियस सीझरच्या मृत्युपत्राने ऑक्टेव्हियन हा त्याचा पुत्र ठरला आणि पुढे सीझरला देवत्व मिळताच तो ‘देवपुत्र’ म्हणवू लागला. पौलाने रोमकरांना पत्र लिहिले ते इसवी सन 57च्या सुमारास. त्या वेळी सिंहासनावर असलेला नीरो हाही दत्तकच होता. सम्राट क्लॉडियसने स्वतःचा पुत्र ब्रिटानिकस हयात असताना इसवी सन 50 मध्ये त्याला दत्तक घेतले होते. अशा नगरीत, गुलामांचाही भरणा असलेल्या मंडळीला, तुम्ही दास नसून पुत्र आहा आणि पुत्र म्हणून वारसही आहा, असे सांगणे हे साधे सांत्वन खासच नव्हते.

हिंदू धर्मशास्त्रातील दत्तकाची घडण निराळी. ज्याला पुत्र नाही त्यानेच पुत्र घ्यावयाचा. घ्यावयाचा तो मुलगाच, मुलगी नव्हे. आणि त्याचे दान पित्याने, पित्याच्या अभावी मातेने करावयाचे. ‘दत्त’ म्हणजे दिलेला. देणारा नसेल तर दत्तक नाही. यास्तव अनाथाला, काही ठिकाणच्या रूढी सोडल्यास, दत्तक जाता येत नसे. (व्यवहारमयूखाच्या आधारे पश्चिम हिंदुस्थानात विवाहित, लेकुरवाळा पुरुषही दत्तक जाऊ शके, ही गोष्ट मात्र रोमन रिवाजाच्या जवळची.) ख्रिस्ती सिद्धांतात याच्या उलट, एक पुत्र असतानाच पिता इतर अनेकांना घरात घेतो आणि त्यांना त्या पुत्राचे सहवारस करतो. आपल्याकडील शास्त्र्यांना हे विधान अशास्त्रीय वाटले असते. पण खरी अडचण वारशापाशी आली नाही. ती आली देणाऱ्यापाशी.

1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा सुमारे बारा वर्षांचा मुलगा, स्कॉटिश मिशनरी नेस्बिट यांच्या घरी राहत होता. मुलगा परत मिळावा म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने त्याला पित्याच्या स्वाधीन केले. बाप्तिस्मा झाला नसला तरी मिशनऱ्याच्या घरी अन्नोदक घेतलेल्या या मुलाला जातीत घ्यावे की नाही, यावर मग दुसरा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याचा पक्ष धरला. सनातनी मंडळींनी त्यांच्यावर आग पाखडली. मुलाच्या आत्म्याचा पिता कोण, हा प्रश्न पाद्र्यांचा. आणि आम्ही दिलाच नसताना आमचा मुलगा दुसऱ्याचा कसा, हा प्रश्न जन्मदात्यांचा. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि बारा वर्षांचे पोर मध्ये सापडले होते.

पुढील दहा-अकरा वर्षांत संशय आणखी गडद झाला. 1848 मध्ये सातारच्या छत्रपतींनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने राज्यापुरता अमान्य केला. 1854 मध्ये झाशीच्या दामोदररावाचीही तीच गत झाली. याच सरकारने 1850च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क मात्र राखला. शास्त्रोक्त दत्तकाला गादी नाही, आणि धर्म सोडून गेलेल्याला वाटा आहे, असा याचा अर्थ लोकांनी लावला तर त्यांना दोष देता येत नाही.

श्रीपतला न देणारे जन्मदाते होते. ज्यांना देणाराच कोणी उरला नव्हता, अशांचा प्रश्न अर्धशतकाने उभा राहिला. भोपाळच्या हबीबगंज भागातून दक्षिणेस निघालेला लोहमार्ग (तेथील स्थानकास 2021पासून राणी कमलापतीचे नाव आहे) नर्मदा ओलांडून होशंगाबादेस, म्हणजे आजच्या नर्मदापुरमास, पोहोचतो. नदीपलीकडचा तो मुलूख त्या काळी मध्य प्रांतात मोडे. 1896-97च्या दुष्काळात या प्रांताची दैना झाली. होशंगाबादच्या बाजूस क्वेकर मिशनऱ्यांनी पोरकी मुले सांभाळली. आणि पंडिता रमाबाई मुद्दाम या प्रांतात येऊन तेथील गरीबखाने पाहून गेल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील 1870च्या दशकातील दुष्काळातच गेले होते. त्यांनी सुमारे तीनशे मुली दक्षिणेस नेल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावच्या शेतावर ठेवावे लागले, आणि त्यातूनच मुक्तिसदन वाढले.

चारच वर्षांपूर्वी, 1893 मध्ये, पुण्याच्या शारदासदनावर धर्मांतराचा आरोप होऊन पालकांनी मुली काढून नेल्या होत्या आणि रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. तेथे पालक होते, म्हणून मुली काढून नेता आल्या. केडगावी आलेल्यांपैकी कित्येकींना न्यावयास कोणी येणार नव्हते. त्या मुली होत्या आणि अनाथ होत्या. म्हणजे शास्त्रोक्त दत्तकाची दारे त्यांना दोन्हीकडून बंद होती. त्यांनाच प्रार्थनेत ईश्वराला ‘बापा’ म्हणावयास शिकविण्यात आले. भुकेल्या जिवाने अन्नदात्याचा धर्म पत्करला तर त्याला स्वेच्छा म्हणावे काय, हा टीकाकारांचा आक्षेप वजनदार होता आणि तो आजही खोडून टाकता येत नाही. परंतु आक्षेप घेणाऱ्यांपैकी थोड्यांनीच अशा मुलीला आपल्या घरी लेक म्हणून नेले असेल. रमाबाईंनी ग्रीक व हिब्रू शिकून केलेल्या मराठी बायबलाचे खिळे पुढे मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच जुळविले. 1922च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, तेव्हा भाषांतराचे काम नुकतेच हातावेगळे झाले होते.

हिंदूंना मुलगी दत्तक घेण्याची मुभा 1956च्या कायद्याने मिळाली. आईबाप वारलेल्या मुलाला कोर्टाच्या परवानगीने पालकाने द्यावे, अशी तरतूदही त्यातच झाली. दत्तकपणावर आपली श्रद्धा उभारणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना मात्र स्वतःच्या व्यक्तिगत कायद्यात दत्तकाची सोयच नव्हती. 1890च्या कायद्याखाली त्यांना मुलाचे केवळ पालक होता येई; मुलाला त्यातून वारसा मिळत नसे. 2000 सालचा बाल न्याय कायदा आणि त्यातील 2006ची दुरुस्ती यांनंतर कोणत्याही धर्माच्या दांपत्याला अनाथ मूल कायदेशीरपणे आपले म्हणता येऊ लागले; आणि देणाऱ्याच्या जागी तेव्हा न्यायालय बसले.