'रोड' नावाची स्टेशने

सातारा रोड, कऱ्हाड रोड, कुंडल रोड, शिरोळ रोड. मंडळी, ही नावे एका दमात म्हणून पहा. चारही स्टेशने आपल्याच मुलखातली, कृष्णाकाठची. चौघांच्या मागे 'रोड' हे शेपूट लागलेले. रेल्वेच्या भाषेत ह्या शब्दाचा अर्थ मोठा सरळ होता. गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता तेवढा इथून फुटतो. उतारू सातारा रोडला उतरला म्हणजे साताऱ्यास पोचला असे नव्हे. पडळीच्या माळावर गाडी त्याला सोडून निघून जाई, आणि साताऱ्याचे दहा मैल त्याच्यापुढे तसेच उरत. बैलगाडी मिळाली तर ठीक, टांगा मिळाला तर नशीब, नाही तर पायी.

असे का झाले? साताऱ्यासारखी राजधानी सोडून रेल्वे माळरानातून का गेली? लोक म्हणतात, अमक्या इनामदाराने जमीन दिली नाही, तमक्या भटजीने शाप दिला. अशा कथा प्रत्येक स्टेशनाच्या पारावर ऐकायला मिळतात. खरे कारण नकाशात दिसते. 1876 ते 1878 ह्या वर्षांत दख्खनमध्ये जो दुष्काळ पडला, त्यात धान्य एका मुलखात होते आणि भुकेली माणसे दुसऱ्या मुलखात. धान्य नेणार कशावरून? बैलाच्या पाठीवरून न्यावे, तर वाटेत बैललाच चारा नाही. पुढे दुष्काळ चौकशी मंडळाने दुष्काळी भागांतून रेल्वे टाकण्याची शिफारस केली, 1882 साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली, आणि पुण्याहून नीरा, लोणंद, वाठार, कोरेगाव, मिरज अशी लोंढ्याकडे जाणारी लाईन 1890 च्या आत पुरी झाली. ती मीटर गेजची होती, म्हणजे दोन रुळांतले अंतर एक मीटर. रुंद लाईनीपेक्षा काम स्वस्त.

काम स्वस्त करायचे तर नदीवर मोठा पूल बांधणे टाळावे लागते. सालप्याचा घाट उतरून लाईन कृष्णेच्या खोऱ्यात आली ती नदीच्या पूर्व अंगानेच खाली गेली, आणि कृष्णा ओलांडली ती थेट मिरजेच्या पुढे, कुडचीजवळ. आता सातारा आणि कऱ्हाड ही दोन्ही गावे नदीच्या पश्चिमेला. झाले! साताऱ्याला दहा मैलांवर स्टेशन मिळाले, कऱ्हाडला चार मैलांवर. महाबळेश्वरला हवा खायला जाणारे साहेब आणि मुंबईचे शेठ वाठारला उतरत आणि तिथून वाईवरून चाळीसेक मैल टांग्याने, पुढे मोटारीने जात. इंजिनियरांनी पैसा वाचवला खरा. पण तो खर्च नाहीसा झाला नाही. तो गाडीवानाच्या भाड्यात गेला, गुळाच्या ढेपेमागे वाढलेल्या हमालीत गेला, आणि रात्रीच्या गाडीने उतरलेल्या बाळंतिणीच्या हालात गेला.

ह्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. जिथे गाव नाही तिथे जमीन मोकळी असते. गावातली भाऊबंदकी तिथे नसते. रुळाला लागून पाचपन्नास एकर माळ पडलेला असतो, आणि कुणाला बुद्धी झाली तर त्याचे सोने करता येते. कुंडल रोडला ते झाले. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराच्या कारखान्याची जागा हातची गेली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी त्यांना आपल्या संस्थानात जागा देऊ केली. ती जागा म्हणजे कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला, साप-विंचवांचा माळ. 1910 साली तिथे वसाहत पडली. शहाण्या माणसाने नाक मुरडावे अशीच ती जागा होती; पण लक्ष्मणरावांनी पाहिले ते स्टेशन. बिडाची लादी आणि कोळसा वाघिणीतून यावा, लोखंडी नांगर त्याच वाघिणीतून खानदेश-वऱ्हाडाकडे जावा. 1920 साली तिथून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले, तेही टपालाच्या डब्यातून गावोगाव जाई. पुढे स्टेशनाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. 'रोड' गेले, 'वाडी' आली.

कऱ्हाड रोडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरात नव्हता असे घर त्या काळी खेड्यात शोधावे लागले असते. ती वस्ती ओगलेवाडी म्हणून प्रसिद्ध झाली. सातारा रोडला धनजीशा कूपर ह्यांनी 1922 साली कारखाना काढला, नांगर आणि पुढे इंजिने केली. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. तीन कारखाने, तिन्ही 'रोड' स्टेशनांवर. ह्याला मी योगायोग म्हणणार नाही.

शिरोळ रोडची तऱ्हा निराळी. मिरज-कोल्हापूर ही एकोणतीस मैलांची लाईन कोल्हापूर दरबारने स्वतःच्या पैशाने टाकली. 1888 साली काम सुरू झाले आणि 1891 साली गाडी धावली. लाईन टाकून शाहू महाराज स्वस्थ बसले नाहीत. कोल्हापूरच्या स्टेशनाजवळ 1895 साली त्यांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथे आणला. पुढे वीसेक वर्षांनी शिरोळ रोडजवळ नवे गाव आखले, त्याला आपल्या जन्मदात्या वडिलांचे, जयसिंगराव घाटग्यांचे, नाव दिले. तेच जयसिंगपूर. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे, गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. जुन्या गावातून गेलेला माणूस तिथे प्रथम वाट चुकतो, कारण त्याला वळणे सापडत नाहीत!

लाईन आधी की वस्ती आधी, हा प्रश्न एकट्या आपल्या मुलखाचा नाही. लंडनमध्ये 1863 साली जमिनीखालून जगातली पहिली शहरी रेल्वे सुरू झाली, ती मेट्रोपॉलिटन रेल्वे. पुढे तिने शहराबाहेर शेतांतून रूळ नेले, आणि आपल्या हातातल्या जमिनींवर घरे बांधायला लावली. घर घेणारा रोज सकाळी तिच्याच गाडीचे तिकीट काढणार, हे गणित त्यात होते. शाहू महाराजांनी हे गणित लंडनवरून घेतले असे मी म्हणत नाही. पण रूळ आणि जमीन ह्यांचा विचार एकाच डोक्यात झाला की काय होते, ते दोन्हीकडे सारखेच दिसते.

आता सांगलीकडे वळू. सांगली ही 1801 पासून पटवर्धनांची राजधानी, हळदीची मोठी पेठ, हरिपूरच्या पेवांत हळद साठवणारे गाव. पण मोठी लाईन गेली मिरजेवरून, आणि मिरजेचे संस्थान वेगळे. पाच मैलांवर शेजाऱ्याच्या दारात गाडी थांबते आणि आपली हळद बैलगाडीने तिथवर न्यावी लागते, हे सांगलीला मानवण्यासारखे नव्हते. तेव्हा संस्थानाने स्वतःच्या खर्चाने मिरज ते सांगली पाच मैलांची शाखा टाकली. 1907 साली ती सुरू झाली. रूळ संस्थानाचे, गाडी चालवणार रेल्वे कंपनी. गादीवरचे राजे, दुसरे चिंतामणराव, त्या वेळी अज्ञान होते आणि कारभार सरकारी अधिकाऱ्याच्या हाती होता.

पाच मैलांची लाईन ती काय, असे कुणी म्हणेल. पण माझ्या मते दक्षिण महाराष्ट्रात उपनगरी गाडी म्हणावी अशी हीच. तिच्यात बसे कोण? हळदीचे दलाल बसत. मिरजेत डॉक्टर वॉन्लेस ह्यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन इस्पितळात जाणारे रोगी आणि त्यांचे भाकरी बांधून निघालेले नातेवाईक बसत. मिरजेस पुण्याची वा बेळगावची गाडी गाठणारे बसत. 1927 साली बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी पंढरपूरकडून मिरजेला येऊन मिळाली, तेव्हापासून वारकरीही आले. 1919 साली विलिंग्डन कॉलेज निघाले, ते सांगलीत नाही आणि मिरजेतही नाही; दोहोंच्या मध्ये, विश्रामबागेच्या माळावर. दोन्ही गावांच्या मुलांनी तिथे यावे ही सोय त्यात होती. 1947 साली इंजिनियरिंग कॉलेजही त्याच बाजूला निघाले, जे पुढे वालचंदांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. शहर कोणत्या दिशेने वाढणार, हे तेव्हाच ठरून गेले म्हणायचे.

इकडे 1929 साली कृष्णेवर आयर्विन पूल झाला आणि पश्चिमेकडच्या गावांच्या गाड्या होडीची वाट न पाहता थेट सांगलीच्या पेठेत येऊ लागल्या. त्यातून गाडीला माल वाढला. पण पूल बैलगाडीला वाट देतो तशीच मोटारीलाही देतो. 1948 साली सरकारी एस.टी. सुरू झाली, वाढत वाढत ती गावोगाव पोचली, आणि पाच मैलांच्या गाडीचे दिवस भरत आले. एस.टी. घराजवळ थांबते, स्टेशनवर ताटकळत ठेवत नाही. जवळच्या अंतरात रेल्वे हरते ती वेगात नाही, स्टेशनापर्यंतच्या चालण्यात हरते. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि त्याचे ठाणे सांगलीस आले. 1960 साली त्याला सांगलीचे नाव मिळाले. कोर्ट-कचेरीसाठी सांगलीस येणारा खेडूत वाढला. पण तो बहुतेक एस.टी.नेच आला.

मीटर गेजचे दुखणे वेगळेच होते. पुण्यात मुंबईची लाईन रुंद, आपली अरुंद. एका लाईनीची वाघीण दुसऱ्या लाईनीवर चालत नाही. म्हणून मुंबईला जाणारी गुळाची ढेप पुण्यात एका वाघिणीतून दुसरीत चढवावी लागे. ढेप फुटे, पोते उसवे, दिवस मोडत, आणि तुटीचा मार शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीत बसे. पुणे-मिरज-कोल्हापूर लाईन रुंद झाली ती 1971 च्या सुमारास. त्या वेळी सांगलीला मोठ्या लाईनीवरच घेण्यात आले, माधवनगरकडून सांगली, विश्रामबाग आणि मग मिरज. जे संस्थानाला 1907 साली स्वतःचे पैसे घालूनही पुरते मिळाले नव्हते, ते आता मिळाले. नवे स्टेशन मात्र जुन्या जागी झाले नाही. जुनी शाखा बंद पडली, तिचे रूळ निघाले. सांगलीत आज स्टेशन चौक आहे आणि तिथे स्टेशन नाही. परगावचा पाहुणा रिक्षात बसून 'स्टेशन' म्हणतो, तेव्हा रिक्षावाला एकदा विचारून घेतो.

ज्या माळावर कॉलेजे गेली होती, तिथे पुढे वसाहती गेल्या. ह्याचे श्रेय सगळे रेल्वेला देता येणार नाही. कृष्णेच्या पुराचाही त्यात वाटा आहे. 2005 आणि 2019 च्या पुरात जुन्या गावभागात पाणी शिरले, तेव्हा नदीपासून दूरच्या, उंचावरच्या जागेची किंमत लोकांना पुन्हा कळली. 1998 साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. पाच मैलांची ती दोन टोके अशी एका दप्तरात आली, पण तेव्हा त्यांना जोडणारी संस्थानी गाडी नव्हती.

पुण्यात 6 मार्च 2022 रोजी मेट्रो सुरू झाली. वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी, असे पहिले दोन तुकडे. त्या दिवसापासून चर्चा चालली आहे ती हीच, की गाडीत बसणार किती, स्टेशनापासून घरापर्यंत जायचे कसे, आणि आजूबाजूच्या जमिनीचा भाव कुणाच्या पदरात पडणार. कुंडल रोडला 1910 साली हेच प्रश्न होते. फरक एवढाच, की तिथे जमीन देणारा राजा एक होता आणि कारखाना काढणारा माणूस एक होता. शहरात हजार मालक असतात, आणि प्रत्येकाला आपल्या दारात स्टेशन हवे असते, पण खांब शेजाऱ्याच्या अंगणात.

शिक्षक मंडळींना एक काम सुचवतो. वर्गात जिल्ह्याचा नकाशा असेलच. त्यावर मुलांकडून रेल्वेची रेघ काढून घ्या आणि प्रत्येक स्टेशनासमोर दोन गोष्टी लिहायला सांगा. स्टेशनापासून जुने गाव किती लांब, आणि स्टेशनाभोवती आज काय आहे. वाठारला वेगळे उत्तर येईल, ताकारीला वेगळे, भिलवडीला वेगळे. रुळाखाली कुणाच्या जमिनी गेल्या आणि आजोबांच्या तोंडून त्याची काय हकीकत ऐकली, हेही मुले विचारून येतील. साताऱ्याच्या मुलांना मात्र एक ओळ जास्त लिहावी लागेल. शहराच्या नावाचे स्टेशन आता माहुलीकडे आहे, पण जुने सातारा रोड स्टेशन होते ते पडळीला.