पुतळीवरील व्यंगे

पुतळ्यांची माळ महाराष्ट्राला परिचित आहे. तिच्यातील मूळची पुतळी व्हेनिसचे नाणे होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. १२८४ साली व्हेनिसने हे डुकाट नावाचे सुवर्णनाणे काढण्याचे ठरविले आणि १७९७ साली ते प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत त्याचा छाप जवळजवळ बदलला नाही. एका बाजूस संत मार्क गुडघे टेकलेल्या राज्यप्रमुखाच्या हाती ध्वज देत आहेत. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयात आशीर्वाद देणारा ख्रिस्त. या आकृतींवरूनच आपण तिला पुतळी म्हटले. तमिळ मुलुखात तर ध्वजाची काठी लोकांना ताडाच्या झाडासारखी भासली आणि नाण्याला ताडी काढणाऱ्या शाणारांचे नाव मिळाले!

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आजीची माळ नड पडली की सराफाकडे जाते. काठाला चीर दिसली वा अक्षरे अर्धवट दिसली, की पुतळी सदोष ठरते आणि मुशीत जाते. आमचे म्हणणे एवढेच, की व्यंग कोठले हे आधी पाहावे.

जुनी पुतळी हातोड्याच्या घावाने पाडीत. सोने जवळजवळ शुद्ध, चकती पातळ, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. घाव बसताच चकती पसरे आणि काठ फाटे. सोन्यात मळी राहिली असेल तर पापुद्रा सुटे. चकती ठशाखाली नीट मधोमध बसली नाही तर एका बाजूची अक्षरे नाण्याबाहेर जात. घाव दुसऱ्यांदा पडताना ती हलली तर अक्षरे दुहेरी उमटत. ही टाकसाळीची व्यंगे. नंतरचा ओरखडा निराळा: तो छापावरून जातो आणि त्याच्या कडेला सोने सरकून उंचवटा होतो. कानसलेला काठ, डाख लावलेल्या कडीची खूण, ही तर सोनाराची कामगिरी. तिला टाकसाळीची चूक म्हणून चढ्या भावाने विकणारेही आहेत, आणि घेणारेही!

अक्षरे वाचताच येत नसतील, तर मात्र ती बहुधा चूक नव्हे. लॅटिन न जाणणाऱ्या आपल्या कारागिरांनी पुतळीच्या नकला केल्या. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आल्या. अशी पुतळी नाणे नसेल, पण सोने उत्तम असू शकते, आणि तिलाही इतिहास आहे.

गिनीची गोष्ट वेगळी. १९१८ साली मुंबईच्या टाकसाळीत सुमारे १३ लाख गिन्या यंत्रावर पाडल्या गेल्या. संत जॉर्जच्या घोड्याखालील जमिनीवर रोमन लिपीतील बारीक ‘आय’ हे अक्षर आहे. कित्येक जण त्याला डाग समजतात. ती मुंबईची खूण आहे. भिंगाने पाहिल्याखेरीज ती सहसा नजरेस पडत नाही.