रक्तातलं आणि ताटातलं

अब्बांना बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हा दादी म्हणाली, "खानदानी आहे, रक्तातच आलंय." आमच्या अंथुर्ण्यात कोणत्याही आजाराबद्दल लोक असंच बोलतात.

विज्ञानही बराच काळ असंच बोलत होतं. मानवी जनुकांचा नकाशा २००३ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा सगळ्या आजारांची किल्ली हाती येईल अशी आशा होती. पण आजाराची गोष्ट जनुकांपाशी संपत नाही, हे आपल्या पुणे जिल्ह्यातच दिसू लागलं होतं.

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणात त्या काय खातात, किती राबतात, याची नोंद ठेवली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं हडकुळी, तरी त्यांच्या अंगावरची चरबी फारशी घटलेली नव्हती. सुमारे दोन तृतीयांश मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव कमी पडताना दिसला.

ब-१२ आणि फोलेट यांच्या मदतीने शरीर डीएनएवर बारीक रासायनिक खुणा करतं. कोणतं जनुक किती चालावं, हे ठरवण्यात या खुणांचा वाटा असतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या वेळी नुकतेच गर्भात आलेल्यांच्या डीएनएवरील अशा खुणांत साठ वर्षांनीही फरक सापडला.

१९७२ च्या दुष्काळात दादी खडी फोडायला जात होती. अब्बा तेव्हा तिच्या पोटात होते. त्यांच्या आजाराचं कारण एवढंच, असं मी म्हणणार नाही. दोषही दादीचा नाही. उपास तिने निवडला नव्हता.

"तुम्ही तर मटण खाता, तुम्हाला ब-१२ ची काय कमी?" असं मित्र विचारतात. आमच्याकडे मटण ईदला किंवा पाहुणा आला तर. बोट्या पुरुषांच्या ताटात, बायकांच्या वाट्याला रस्सा.

बहीण सध्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. घरात बायका अजून शेवटीच जेवतात. रक्त बदलता येत नाही, पण पंगतीचा क्रम आज रात्रीच बदलता येईल. मी अम्मीला तसं सांगितलं आहे.