व्यसनी व्यक्तीचे कुटुंब

मद्य वा अन्य मादक द्रव्याच्या आहारी गेलेल्या माणसाबरोबर नांदताना त्याच्या आप्तांच्या वर्तनात होणारे बदल, आणि त्या वर्तनास इष्ट वळण लावण्याचे उपाय, यांचा विचार येथे अभिप्रेत आहे. व्यसन एकाचे असले, तरी त्याचा कारभार सारे घर पाहते : सोमवारच्या गैरहजेरीचा खुलासा पत्नी कचेरीत धाडते, गुत्तेवाल्याची उधारी वडील बेबाक करतात, ‘पुन्हा शिवणार नाही’ या शपथेवर आई दागिना मोडून देते, आणि शेजाऱ्यांत अब्रू राहावी म्हणून मुले खोटे बोलावयास शिकतात. हे सारे मायेपोटी घडते, यात संशय नाही. परंतु व्यसनाचे जे भोग व्यसनी माणसाच्या वाट्यास यावयाचे, ते परस्पर घरच्यांनी भोगल्यामुळे, सुधारण्याची निकड सर्वांत कमी त्यालाच भासते.

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकातील सिंधू पतीच्या मारहाणीने मरणोन्मुख झाली असताही फौजदारापुढे खोटी जबानी देऊन त्यालाच वाचवू पाहते. प्रेक्षकांनी तिच्यासाठी पिढ्यानपिढ्या डोळे पुसले. मात्र पांघरूण घालण्याचा याहून पराकोटीचा दाखला मिळणे कठीण, असे उपचारकाच्या दृष्टीने म्हणावे लागते.

अमेरिकेत १९३५ मध्ये निघालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या मद्यपींच्या परस्परसाहाय्य संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये आप्तांसाठी ‘अल-ॲनॉन’ स्थापन केली. पतीचे पिणे आपल्यामुळे उद्भवलेले नाही व आपल्या हुकमतीतही नाही, सबब त्याची सुटका होवो वा न होवो, आपले जीवन सावरणे हे स्वतंत्र कर्तव्य होय, अशी या संघटनेची धारणा आहे. याउलट, मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मायर्स यांच्या पद्धतीत व्यसनी माणूस शुद्धीवर असेल तेव्हा त्याच्याशी आपुलकीने वागावे, प्यालेला असेल तेव्हा दूर राहावे, आणि योग्य वेळ साधून उपचाराची गोष्ट काढावी, असे शिक्षण आप्तांस देतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३० आप्तांवरील अभ्यासात या मार्गाने ६४ टक्के, तर अल-ॲनॉनच्या मार्गाने १३ टक्के मद्यपी उपचारास आले. अर्थात उपचारास आणणे हा अल-ॲनॉनचा उद्देशच नव्हे, हे ध्यानी घेता ही तुलना काहीशी अन्यायाची ठरते.

दोन घरगुती उपाय मात्र घातक होत. ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींस भुलून डायसल्फिरामसारखे औषध जेवणात कालविल्यास, त्यावर मद्य पोटात जाताच रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. आणि अट्टल मद्यप्यास खोलीत कोंडून त्याची दारू एकाएकी तोडल्यास झटके व वात होऊन तोच परिणाम संभवतो.

महाराष्ट्रात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यास स्थापन केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविला. अशा आधाराची गरज पुढेही राहते, कारण दारू सुटल्यानंतरही घरातील पेच संपत नाही. मधल्या काळात पैशाअडक्याचे व्यवहार पत्नीच्या वा थोरल्या मुलाच्या हाती गेलेले असतात. परतलेला पुरुष ते एकदम मागतो, आणि घरचे अजून त्याचा श्वास हुंगत, खिसे चाचपीत असतात. अशा वेळी आधी भाजीपाल्याचा खर्च, मग वीजबिल, आणि पुष्कळ अवधीनंतर पासबुक, अशा क्रमाने हे अधिकार परत द्यावेत हे उत्तम.