सेवाग्रामला बापू कुटी पाहायला जाताय? आधी हे वाचा

वर्ध्यापासून साधारण 8 किलोमीटरवरचा सेवाग्राम आश्रम म्हणजे एसी दालनांचं म्युझियम नाही. 1936 मध्ये महात्मा गांधी इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. आसपास मिळणारंच सामान वापरायचं आणि घराचा खर्च 100 रुपयांच्या आत ठेवायचा, ही त्यांची अट. माती, बांबू आणि कवेलूंची ती साधी घरं बघायलाच आपण जातो. पण मातीची भिंत रोज शेकडो हात लागले की झिजते. म्हणून चपला बाहेर काढा आणि भिंतीला टेकून पोझ देऊ नका.

बापू कुटीत गांधीजींच्या वापरातल्या वस्तू आहेत. साप पकडून दूर सोडण्याचा चिमटासुद्धा! मुलं हमखास तिकडे धावतात, त्यांचा हात धरून ठेवा. आश्रमातला गांधीजींचा चष्मा चोरीला गेल्याचं 2011 मध्ये समोर आलं होतं. त्यामुळे कुणी हटकलं तर राग मानू नका. आत फोटो किंवा रील काढण्याआधी तिथल्या कार्यकर्त्यांना विचारा.

संध्याकाळी उघड्यावर सर्वधर्म प्रार्थना होते. तिला कुणीही बसू शकतं, फक्त फोन सायलेंटवर हवा. लवकर निघायचं असेल तर मागच्या बाजूला बसा.